तीन अंश तापमान, एक टक्का पाणी

घनतेचा आकडा तापमानाशिवाय लिहिलेला दिसला की मी वही परत करते. नव्या ट्रेनी मुलांना हे सुरुवातीला जाचक वाटतं. "मॅडम, ०.७८४ आलंय, पुन्हा घेतलं तरी तेच आलं," असं म्हणत ती टेबलापाशी उभी राहतात. रिडिंग चोख असेलही. पण ०.७८४ किती अंशाला? ते कळल्याशिवाय त्या आकड्यावर मी टँकर आत घेऊ शकत नाही आणि परतही पाठवू शकत नाही.

मी कोकणातल्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला काम करते. मेथेनॉल, टोल्युईन, ॲसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण), सल्फ्युरिक ॲसिड असा माल टँकरने येतो. टँकर गेटवर लागला की वरचा, मधला आणि खालचा अशी सॅम्पल्स आमच्याकडे येतात. पाण्याचं प्रमाण मोजायला कार्ल फिशर चाचणी आहे, शुद्धतेसाठी जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी आहे. पण त्या दोन्हींच्या आधी घनता. एक जार, एक हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची दांडी), एक थर्मामीटर आणि दोन-तीन मिनिटं. टँकरमध्ये भलताच माल असेल, तळाशी पाणी बसलं असेल, आधीच्या फेरीतलं काही उरलं असेल, तर बहुतेक वेळा इथेच पकडलं जातं.

आता त्या ०.७८४ कडे येते. तो आकडा मेथेनॉलचा. कोरड्या मेथेनॉलची घनता २० अंश सेल्सियसला दर मि.लि.ला ०.७९१ ग्रॅमच्या आसपास असते. तापमान एक अंशाने वाढलं की ती साधारण ०.०००९५ ने उतरते. आणि मेथेनॉलमध्ये वजनाने एक टक्का पाणी मिसळलं की ती साधारण ०.००२९ ने चढते. हे दोन आकडे मी मुलांना फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवते, कारण सगळी गोम त्यांतच आहे. तीन अंश तापमान आणि एक टक्का पाणी यांचा परिणाम सारखाच आहे, फक्त दिशा उलट. म्हणजे २८ अंशाला ०.७८४ आलं तर मेथेनॉल कोरडं आहे. तेच ०.७८४ जर ३१ अंशाला आलं असेल, तर त्यात जवळजवळ एक टक्का पाणी आहे.

मे महिन्यात दुपारी टँकर येतो तेव्हा आतला माल ३८-४० अंशांवर असतो. सॅम्पलच्या बाटलीला हात लावला तरी कळतं. तो तसाच जारमध्ये ओतून हायड्रोमीटर सोडला, तर एक टक्का पाणी असलेलं मेथेनॉलसुद्धा ०.७७७ दाखवेल. कागदावरच्या ०.७९१ शी ताडून पाहिलं तर 'हलकं आहे, म्हणजे पाणी नाही' असा निष्कर्ष निघतो, आणि तो पूर्ण उलटा असतो. ऊन पाणी लपवतं. थंडीत पहाटे आलेल्या टँकरचं नेमकं उलट होतं, चांगला माल जड दिसतो आणि ड्रायव्हर बिचारा गेटवर ताटकळतो. तापमानाचा रकाना रिकामा ठेवणं मी का चालवून घेत नाही, ते यावरून लक्षात यावं.

आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं खेड, चिपळूण, दापोलीच्या कॉलेजांतून बी.एस्सी. करून आलेली असतात. घनता त्यांनी केलेली असतेच, पण दुसऱ्याच कशाच्या तरी निमित्ताने. ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरने विष्यंदिता काढायची तर सूत्रात घनता लागते. स्टॅलॅग्मोमीटरने थेंब मोजून पृष्ठताण काढायचा तर घनता लागते. मोलर रिफ्रॅक्शनलाही लागते. मग जर्नलमध्ये 'घनता: अमुक' अशी एक ओळ येते आणि ती ओळ कुठून आली हे कोणी विचारत नाही. बऱ्याचदा बाटलीवर छापलेला आकडाच उतरवलेला असतो. त्यामुळे माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात आर.डी. बॉटल, म्हणजे सापेक्ष (पाण्याच्या तुलनेतली) घनता काढायची बाटली, हातात देते. हायड्रोमीटर नाही, डिजिटल मीटर नाही, आर.डी. बॉटल.

पंचवीस मि.लि.ची ती छोटी, गोल पोटाची काचेची बाटली. घासून बसवलेला काचेचा स्टॉपर, आणि स्टॉपरच्या मधून आरपार केसासारखं बारीक छिद्र. तिचं सगळं कौशल्य त्या छिद्रात आहे. बाटली काठोकाठ भरायची, स्टॉपर सोडायचा, जास्तीचा द्रव छिद्रातून वर येतो आणि वरचं टोक पुसलं की दर वेळी तेवढंच आकारमान आत उरतं. किती, ते माहीत असण्याची गरज नसते, पाणी भरून ते कळतं. गरज असते ती दर वेळी तेवढंच असण्याची.

म्हणून स्टॉपर बदलायचा नाही. बाटलीवर आणि स्टॉपरवर एकच नंबर कोरलेला असतो, तो जुळवून मगच हात लावायचा. दुसऱ्या बाटलीचा स्टॉपर बसतो, घट्ट बसल्यासारखाही वाटतो, पण एक केसभर वर किंवा खाली. तेवढ्याने आकारमान बदलतं आणि पाण्याने काढलेलं गणित त्या बाटलीचं राहत नाही. पूर्वी ही काच क्रोमिक ॲसिडने धूत. सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्यामुळे आम्ही लॅबच्या डिटर्जंटने धुतो, मग डिस्टिल्ड वॉटर, मग ॲसिटोन, आणि कोरडी हवा. गरम ओव्हनमध्ये मी ती ठेवू देत नाही. काच तापून निवली की लगेच मूळ आकाराला येईलच असं नाही.

रिकामी बाटली, पाण्याने भरलेली बाटली, द्रवाने भरलेली बाटली, अशी तीन वजनं. एका नमुन्याचे आकडे मांडते. रिकामी १७.३६४२ ग्रॅम. २७ अंशाला पाण्यासकट ४२.४८२८. म्हणजे पाणी २५.११८६ ग्रॅम. २७ अंशाला पाण्याची घनता ०.९९६५१, त्यावरून बाटलीचं आकारमान २५.२०६६ मि.लि. बाटलीवर छापलेलं '२५' हे नाव आहे, माप नव्हे. मग टोल्युईनसकट वजन ३९.०५२०, म्हणजे टोल्युईन २१.६८७८ ग्रॅम. भागाकार केला की ०.८६०४. शुद्ध टोल्युईन २७ अंशाला इथेच हवं.

याच्याही पुढे जायचं तर हवेचा हिशोब करावा लागतो. हवेत वजन करताना हवा प्रत्येक वस्तूला थोडी उचलून धरते. एक मि.लि. हवा साधारण ०.००१२ ग्रॅमची, आणि बाटलीतल्या पंचवीस मि.लि. द्रवाने तेवढी हवा बाजूला सारलेली असते. पाण्याच्या जवळपास घनता असलेल्या द्रवात ही चूक भागाकारात वर-खाली दोन्हीकडे सारखी असल्याने कटून जाते. टोल्युईनमध्ये पूर्ण कटत नाही, ०.८६०४ चं ०.८६०६ होतं. टँकरच्या कामाला हे लागत नाही. पण हे एकदा करून पाहिलेल्या मुलाला चौथं दशांश स्थळ म्हणजे काय ते हाताने कळलेलं असतं, आणि मग तो कॅल्क्युलेटरवरची आठ स्थळं वहीत उतरवत नाही.

हाताची गोष्ट निघाली आहे तर तीही सांगते. भरलेली बाटली तळव्यात धरायची नाही. मानेला, दोन बोटांनी, शक्यतो टिश्यूच्या घडीतून. हे कॉलेजातही सांगतात, पण का ते क्वचितच कोणी आकड्यात सांगतं. टोल्युईन एका अंशाला हजारात एक भाग फुगतं. पंचवीस मि.लि. मध्ये ०.०२७ मि.लि., म्हणजे तेवीस मिलिग्रॅम. तळव्याच्या उबेने आतला द्रव एका अंशाने तापला की तेवढा थेंब छिद्रातून वर येतो, आपण तो फिल्टर पेपरने निगुतीने टिपतो आणि तेवीस मिलिग्रॅम टोल्युईन कागदात निघून जातं. बॅलन्स एका मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवतोय आणि आपण तेवीस मिलिग्रॅम पुसून टाकले! काच मात्र या भानगडीत जवळजवळ नसते. बोरोसिलिकेट काच द्रवाच्या शंभराव्या हिश्श्यानेही फुगत नाही.

बुडबुड्याचंही असंच. स्टॉपरच्या खालच्या कडेला दोन मिलिमीटरचा एक बुडबुडा अडकून राहिला तर चार मिलिग्रॅम पाणी कमी भरलेलं असतं. म्हणून पाणी उकळून, झाकून, थंड केलेलं घ्यायचं, आणि स्टॉपर सोडण्याआधी बाटली उजेडात धरून मानेखाली पाहायचं. बुडबुडा नेमका तिथे, खांद्याच्या वळणाला दडतो.

इतकं सगळं पुस्तकात कुठे ना कुठे मिळतं. कोकणातला पावसाळा मात्र पुस्तकात नाही.

जुलैमध्ये आमच्याकडे हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो, म्हणजे त्याहून थंड वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. आता एखाद्या पद्धतीत लिहिलं आहे, घनता २० अंशाला काढा. बाटली वॉटर बाथमध्ये २० ला आणली, टोक पुसलं, बाहेर काढली, कोरडी केली, बॅलन्सवर ठेवली. ठेवता ठेवता काचेवर धुरकट थर येतो. आकडा थांबत नाही, चढतच राहतो. पुसा, पुन्हा चढतो. पुसता पुसता बाटली गरम होते, छिद्रातून द्रव वर यायला लागतो, आणि आता एकाच वेळी बाहेरून पाणी वाढतंय आणि आतून माल कमी होतोय. दहा मिलिग्रॅम दव म्हणजे घनतेत ०.०००४. नवीन मुलं या वेळी बॅलन्सला दोष देतात. बॅलन्स अगदी बरोबर सांगत असतो, त्याच्यावर पाणी साठतंय हेच तो सांगतोय.

यावर दोन वाटा आहेत. एक, बॅलन्स रूम बंद करून एसी आणि डिह्युमिडिफायर लावायचा आणि खोलीचाच दवबिंदू खाली आणायचा. औषधी दर्जाच्या मालाला आम्ही हेच करतो, कारण इंडियन फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाच्या भारतीय मानकात) 'वेट पर मि.लि.' एरवी २५ अंशालाच मागितलेलं असतं आणि तिथे आपली सोय चालत नाही. दुसरी वाट साधी आहे. रोजच्या सॉल्व्हेंटसाठी पावसाळ्यात बाथ ३० अंशावर ठेवायचा. ३० अंशाच्या बाटलीवर दव धरत नाही. पाण्याची ३० अंशाची घनता ०.९९५६५ आहे, ती घ्यायची, आणि आपल्या मालाचा ३० अंशाचा तक्ता एकदा नीट बसून तयार करायचा. आमच्याकडे असा तक्ता बॅलन्स रूमच्या दाराला लावलेला आहे, मेथेनॉल, टोल्युईन, ॲसिटोन, आयपीए, प्रत्येकाचा २० ते ४० अंशांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या अंशाने. त्यातले बरेच आकडे आमच्याच लॅबमध्ये काढलेले आहेत आणि पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहिलेले आहेत. मला त्या कागदाचा मनापासून अभिमान आहे.

२० अंश हे थंड देशांतल्या खोलीचं तापमान. आपल्या भारतीय मानकांनी मोजमापाच्या काचेसाठी २७ अंश धरलं, ते फार शहाणपणाचं होतं. देशी बनावटीच्या मोजमापाच्या फ्लास्कच्या पोटावर '२७ °से.' छापलेलं असतं, परदेशी फ्लास्कवर '२०'. हे छापलेलं वाचायची सवय मुलांना लावावी लागते. काचेच्या बाबतीत सात अंशांनी फार बिघडत नाही, द्रवाच्या बाबतीत बिघडतं, आणि दोन्हींत गल्लत झाली की वहीत कुठलं तापमान कशाचं आहे हेच उमगत नाही.

हायड्रोमीटर रोज वापरतो त्याबद्दल थोडक्यात. जार रुंद हवा, हायड्रोमीटर कडेला चिकटता कामा नये, हलकेच गिरकी देऊन सोडायचा, बुडबुडे झडू द्यायचे, डोळा पातळीला आणून पारदर्शक द्रवात खालची रेघ वाचायची. दुधासारख्या अपारदर्शक द्रवात खालची रेघ दिसतच नाही, तिथे वरची. दांडीवरचे आकडे नीट पाहिलेत तर त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं, वर हलक्या बाजूला रेघा लांब लांब आणि खाली जड बाजूला दाटीने. कारण बुडालेलं आकारमान घनतेच्या व्यस्त प्रमाणात असतं. हे एकदा सांगितलं की मुलं दोन रेघांच्या मधलं रिडिंग अंदाजाने न घेता जपून घेतात.

या काचेच्या दांडीवर व्यापाराने किती वेगवेगळ्या भाषा कोरल्या! फ्रान्सच्या आंत्वान बोमेने १७६८ मध्ये स्वतःची मोजपट्टी काढली, तिचे 'डिग्री बोमे' अजून टिकून आहेत. कॉस्टिकवाले ट्वॅडलमध्ये बोलतात. १०० ट्वॅडल म्हणजे सापेक्ष घनता १.५, म्हणजे लायमध्ये साधारण ४७ टक्के कॉस्टिक. साखर कारखान्यात ब्रिक्स, म्हणजे द्रावणातली साखरेची टक्केवारी. आणि दारूच्या बाटलीवर छापलेलं ४२.८ टक्के कुठून आलं, हे मी मुलांना हमखास विचारते. ब्रिटनने १८१६ च्या कायद्याने साइक्सचा हायड्रोमीटर मद्यावरच्या करासाठी ठरवून दिला. त्या मापात 'प्रूफ' म्हणजे आकारमानाने ५७.१ टक्के अल्कोहोल. आपल्या अबकारीत २५ अंडर प्रूफ चालत आलं, म्हणजे प्रूफच्या २५ टक्के खाली, म्हणजे त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे ४२.८. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका हायड्रोमीटरची खूण आजच्या लेबलवर आहे.

घनतेवर किती विसंबायचं, हेही शिकवावं लागतं. तिच्यावरून टक्केवारी काढताना आपण गृहीत धरतो की एका आकड्याला एकच टक्केवारी असते. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तसं नाही. २० अंशाला ९५ टक्के ॲसिडची घनता १.८३३७, ९७ ची १.८३६४, आणि तिथून पुढे ती उतरते, ९९ टक्क्यांना १.८३४२ आणि १०० ला १.८३०५. म्हणजे १.८३४ आली तर ॲसिड ९५ टक्के असेल किंवा ९९ टक्केही असेल, हायड्रोमीटरला फरक कळणारच नाही. तिथे टायट्रेशनला (अल्कली घालून ॲसिडचं प्रमाण मोजण्याला) पर्याय नाही. सर्टिफिकेटवर ९८ टक्के आणि समोर घनता लिहून कोणी टँकर पुढे करत असेल तर ती घनता मी पाहते, पण मान्यता टायट्रेशननंतरच.

ॲसेटिक ॲसिडमध्ये आणखी गंमत आहे. ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेल्या, ॲसेटिकची घनता २० अंशाला १.०४९. पाणी त्याहून हलकं, मग पाणी मिसळलं की घनता उतरावी, असा कोणाचाही अंदाज. प्रत्यक्षात ती चढते, ७५-८० टक्क्यांच्या आसपास १.०७० पर्यंत जाते आणि मग उतरायला लागते. पाण्याचे आणि ॲसिडचे रेणू एकमेकांत अधिक दाटीने बसतात. हे ऐकून पटत नाही, करून पटतं. एका मुलीला मी एक दुपार मोकळी दिली होती, वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणं करून आलेख काढायला. आलेख वर चढून वळला तेव्हा तिने शेवटचे तीन बिंदू पुन्हा घेतले, मग आनंदाने पूर्ण लॅबला तो कागद दाखवत फिरली. तो आलेख तिने घरी नेला.

अल्कोहोल आणि पाण्याचं आकुंचन तर मोजपात्रातच दिसतं. ५० मि.लि. इथेनॉल आणि ५० मि.लि. पाणी एकत्र केलं, मिश्रण खोलीच्या तापमानाला येऊ दिलं, की शंभर भरत नाही, सुमारे ९६.५ भरतं. कुठे सांडलेलं नसतं. वजन केलं तर पूर्ण वजन तिथेच असतं, घनता तेवढी वाढलेली असते. मिसळताना मिश्रण गरम होतं, त्यामुळे घाईत पाहिलं तर हे आकुंचन कमी भासतं. पुन्हा तापमानच. दिमित्री मेंडेलीव्हने १८६५ मध्ये डॉक्टरेटसाठी मांडलेला प्रबंध याच विषयावर होता, अल्कोहोल आणि पाणी यांचा संयोग. ज्या माणसाने चार वर्षांनी आवर्तसारणी मांडली, त्याने त्याआधी अशी मिश्रणं करून त्यांची घनता काढण्यात मोठा काळ घालवला होता. मुलांना मी हे मुद्दाम सांगते. घनता काढणं हे ज्युनियरचं, कंटाळवाणं काम आहे अशी समजूत कॉलेजातून येते आणि ती मला आवडत नाही.

आमच्याकडे डिजिटल घनतामापकही आहे आणि तो उत्तम आहे. आत यू आकाराची काचेची बारीक नळी असते. एक-दोन मि.लि. नमुना सिरिंजने भरायचा, यंत्र ती नळी कंप पाववतं आणि एका कंपनाला किती वेळ लागला ते मोजतं. नळी जड झाली की कंपन मंदावतं, त्या वेळेचा वर्ग घनतेशी सरळ रेषेत जातो. हवा आणि पाणी अशा दोन ज्ञात गोष्टींनी ती रेषा ठरवली की काम झालं. ग्राझच्या आंतोन पार कंपनीने असं पहिलं डिजिटल यंत्र १९६७ मध्ये आणलं. या यंत्राची खरी ताकद मला वाटते ती तापमानात आहे. ते नमुन्याला स्वतःच ठरलेल्या अंशावर आणतं आणि तिथे धरून ठेवतं. बाटलीत जे अर्धा तास जपून करावं लागतं, ते तिथे काही मिनिटांत होतं, तेही पाचव्या दशांशापर्यंत.

तरी बुडबुड्याची खोड यंत्रातही आहे. नळीत टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा राहिला की आकडा हलका येतो आणि पडद्यावर पूर्ण आत्मविश्वासाने, पाच स्थळांसकट झळकतो. आर.डी. बॉटल केलेलं मूल अशा आकड्याकडे पाहून थबकतं. "मॅडम, हे फार हलकं आहे, बुडबुडा असेल," म्हणत ते यंत्राच्या खिडकीतून नळीत डोकावतं. न केलेलं मूल प्रिंट काढून फाइलला लावतं. बाटलीवर पहिला आठवडा घालवण्याचं कारण एवढंच आहे.

दूध डेअरीवर नेऊन घालणाऱ्या घरांत लॅक्टोमीटर सगळ्यांच्या ओळखीचा असतो. २८ दाखवला म्हणजे १.०२८. पण तिथेही एकट्या घनतेवर विसंबता येत नाही. साय काढली की दूध जड होतं, कारण चरबी पाण्याहून हलकी. मग त्यात पाणी घातलं की लॅक्टोमीटर पुन्हा चांगल्या दुधाच्या आकड्यावर येतो. दोन्हीकडून दूध नासवलेलं आणि आकडा मात्र उत्तम. म्हणून फॅट वेगळं काढावं लागतं आणि मग दोन्ही मिळून एसएनएफ, म्हणजे चरबी सोडून उरलेले घन पदार्थ. लॅक्टोमीटर कुठल्या तापमानाला लावलेला आहे तेही त्याच्या दांडीवर लिहिलेलं असतं. सकाळचं धारोष्ण दूध आणि बर्फाच्या कॅनमधलं दूध एकाच आकड्याने मोजलं, तर एखाद्या प्रामाणिक माणसाच्या दुधाला उगाच नाव पडतं. ते मला टँकर परत जाण्यापेक्षा जास्त लागतं.

शेवटी एक गोष्ट सगळ्यांच्या उपयोगाची. पेट्रोल पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पंपाकडे ५०० मि.लि.चा जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि रूपांतराचा तक्ता असतो, असायलाच हवा. पेट्रोल जारमध्ये घेतात, घनता आणि तापमान दोन्ही एकाच वेळी वाचतात, आणि तक्त्यावरून १५ अंशाची घनता काढतात. ती पंपाने त्या मालासाठी नोंदवलेल्या आकड्याच्या तीन किलो प्रति घनमीटर इतक्या मागेपुढे बसली पाहिजे. पेट्रोल या मापात साधारण ७२० ते ७७५ च्या (म्हणजे आपल्या आधीच्या मापात ०.७२० ते ०.७७५ च्या) दरम्यान असतं, पण या पट्ट्याशी तुलना करून उपयोग नाही, पट्टा फार रुंद आहे. तुलना त्या दिवशीच्या नोंदीशी करा. जार सावलीत ठेवायला सांगा, पंख्याखाली नको. हायड्रोमीटर स्थिर होईपर्यंत थर्मामीटर आतच राहू द्या आणि दोन्ही आकडे एकाच क्षणी वाचा. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.८ ते ०.९ ने बदलतं. तापमान वाचण्यात चार अंशांची चूक झाली की तीनची सगळी मुभा तिथेच संपते.